ज्या कात्रीला बक्षीस मिळालं

पुण्याहून निघताना माझ्या पाठपिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक पितळी कर्ण्याची ट्रॉफी होती. तिच्या लाकडी बैठकीवर 'उत्कृष्ट ध्वनी' अशी अक्षरं आणि त्याखाली माझं नाव. सिनेमासाठी आवाज गोळा करायचा धंदा मी वीसेक वर्षं करतोय, पण नावासकट बक्षीस हे पहिलंच. बायकोने ते टीव्हीशेजारी ठेवलं होतं. आठवडाभर येता-जाता मी त्याच्याकडे बघत होतो आणि दर वेळी मला थोडं चोरट्यासारखं वाटत होतं.

कारण सांगतो. आमचा सिनेमा म्हणजे घरच्या भाकऱ्या बांधून काढलेला. उचगावचा सागर दिवसा फाउंड्रीत नोकरी करतो, त्याने लिहिला आणि दिग्दर्शित केला. विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत रॅप करायला लागते, एवढी त्याची गोष्ट. मुलीचं काम केलं बेळगावच्या कॅम्पातल्या वैष्णवीने, जी खरोखरच रॅप करते. मला हिप-हॉप आवडत नव्हतं. गाणं म्हणजे चाल हवी, भांडण नको, असं माझं मत होतं आणि ते मी सेटवर सगळ्यांना ऐकवत असे.

निपाणीत शूटिंग चालू असताना शांताक्का नावाच्या बाईच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, पाच-सहा बायका विड्या वळत बसायच्या. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीने पान कापायचं, कात्री पत्र्यावर आपटायची. त्या आवाजाचा मला वैताग होता. "आक्का, जरा थांबवा," असं मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो. एकदा माझं रेकॉर्डिंगचं मशीन चालूच राहिलं आणि वीस मिनिटं तोच आवाज भरला गेला. त्या फाइलला मी 'कचरा' असं नाव देऊन टाकलं.

पुढे संकलनाला बसलो तर शेवटच्या गाण्याला विकत आणलेला कुठलाच ठेका बसेना. सागर रडकुंडीला आला. सहज म्हणून मी तो 'कचरा' वाजवला. टक्, टक्, टक्, मग एक थांबा, मग टक् टक्. वैष्णवीने मान हलवायला सुरुवात केली आणि त्या थांब्यात नेमका श्वास घेऊन ती गायला लागली. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो. महोत्सवात परीक्षकांनी त्या थांब्याचंच कौतुक केलं. ही शांतता तुम्हाला सुचली कशी, असं लोक विचारत होते आणि मी नुसता हसत होतो. सिनेमाच्या शेवटच्या नावांच्या यादीत माझं नाव होतं, ठेका मिसळणाऱ्या पोराचं होतं, चहावाल्याचंसुद्धा होतं. कात्री चालवणारीचं नव्हतं.

आता रविवारी बेळगावात पहिला जाहीर खेळ होता. सागर म्हणाला, "सर, नाव घालायचं तर शनिवारी चारपर्यंत सांगा. एकदा कॉपी दिली की तीच सगळीकडं जाणार." म्हणून मी गुरुवारीच निघालो. निपाणीला उतरायचं, शांताक्काच्या हातात ट्रॉफी द्यायची, माफी मागायची आणि नाव विचारून घ्यायचं, इतका सोपा बेत होता.

निपाणी, गुरुवार

उतरलो पायगोंडाअण्णांकडे. अण्णा तंबाखू पिकवणारे जैन शेतकरी. शूटिंगच्या वेळी त्यांनी आम्हा चौदा जणांना आपल्या घरात महिनाभर ठेवून घेतलं होतं आणि भाड्याचा विषय काढला की कानडीत काहीतरी बोलून उठून जायचे. दिवस थंडीचे, तंबाखू वाळत घातलेली. गावात शिरल्याबरोबर मला शिंकांचा झटका आला. ओसरीवर बसलेले अण्णा माझं तोंड दिसण्याआधीच म्हणाले, "आला बघा मशीनवाला."

दुपारी शांताक्काकडे गेलो. साठीची, ताठ बसणारी बाई. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि पानं. तिच्या सोप्यात उंबऱ्यालगतची जागा तिची, कारण उजेड तिथेच. मी गोंदिया जिल्ह्यातला. विडीची ही तेंदूची पानं आमच्याच रानातून इकडे येतात. लहानपणी उन्हाळ्यात मी आईबरोबर तोडायला जायचो. शूटिंगच्या वेळी हे सांगितल्यापासून बायका मला घरचा समजत होत्या.

मी ट्रॉफी काढून तिच्यासमोर ठेवली. तिने उचलून पाहिली.

"तागडीचं वजन हाय व्हय हे? कशाचं?"

"बक्षीस आहे, आक्का. तुमच्या कात्रीला मिळालंय."

सोप्यातल्या बायका हसायला लागल्या. मग मी फोनवर तो आवाज लावला. शांताक्का आधी हसत होती. हळूहळू हसू गेलं आणि तिने मान तिरकी केली.

"ही माझी न्हाय," ती म्हणाली.

"अहो तुमचीच. उंबऱ्याजवळ माइक ठेवला होता मी. तिथे तुम्हीच बसता."

"माझी कात्री थांबत न्हाय. ही थांबत्या." तिने सुपातलं एक पान घेतलं आणि भराभर कापून दाखवलं. टक् टक् टक् टक्, अखंड. "गंगू, ऐक गं जरा. कुणाची ही?"

कोपऱ्यातल्या गंगूने काम न सोडता कान दिला. "मालनआक्काची. दुसऱ्या कुणाची असंल?"

मी वीस वर्षं कानावर पोट भरतोय. दोन माइकमधला फरक मला झोपेतही कळतो, असा माझा समज होता. आणि इथे ज्या आवाजाबद्दल मला बक्षीस मिळालं, तो कुणाचा हेच मला ठाऊक नव्हतं. या बायकांना एकमेकींची कात्री माणसाच्या हाकेसारखी ओळखू येते.

"मग या मालनआक्का कुठे असतात?" मी विचारलं. शांताक्का दोरा गुंडाळत राहिली. शेवटी गंगूने मला पाणी द्यायच्या निमित्ताने बाहेर नेलं आणि सांगितलं. मालन शेजारच्याच घरातली, तीस वर्षं शांताक्काच्या बाजूला बसून विड्या वळणारी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. म्हणून शांताक्काने तिला आपली उंबऱ्याजवळची जागा चार दिवस दिली. पाचव्या दिवशी मालन न विचारता येऊन बसली. "जागा काय लिहून घेतल्यास व्हय?" शांताक्का बोलली. मालनही काहीतरी बोलली. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. नंतर लेकीकडे कणकुंबीला राहायला गेली. तेव्हापासून दोघींचं बोलणं नाही.

माझं मशीन नेमकं त्या चार-पाच दिवसांत चालू राहिलं होतं.

मी पुन्हा आत गेलो. शांताक्काला म्हणालो, मी कणकुंबीला जाणार. तिने ट्रॉफी टॉवेलात नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

"जावा. पर मी सांगितलं म्हणून सांगू नगा." मी पायरी उतरल्यावर मागून आवाज आला, "अन् तिचं डोळं कसं हायत तेवढं बघून या."

ती गप्प राहिली असती तर नाव तिचंच लागलं असतं. कुणालाही कधी कळलं नसतं, मला तर नाहीच. हे मनात घेऊन मी अण्णांकडे जेवायला बसलो. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात. आमच्याकडे त्या वेळेला चहा होतो. शूटिंगच्या वेळी आम्ही सगळे सुरुवातीला कुरकुरलो होतो आणि महिन्याभरात साडेपाचला आपोआप भूक लागायला लागली होती. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. कांदा-लसूण नाही आणि त्याची आठवणही येत नाही. मी झालेली फजिती सांगितली. अण्णा पोट धरून हसले.

"मग बक्षीस परत द्या की आता," ते म्हणाले, आणि वाढणाऱ्या वहिनींना कानडीत सगळं सांगून त्यांनाही हसवलं. वहिनींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्या घरात सांत्वन असंच करतात.

बेळगाव, शुक्रवार

वैष्णवी बसस्टँडवर स्कूटर घेऊन उभी होती. वडील सैन्यात, त्यामुळे कॅम्पातली शिस्त तिच्यात मुरलेली. वेळ म्हणजे वेळ. "उद्या मी अकराला येतो, तुमी तयार ऱ्हावा," असं तिने बजावलं. इकडच्या मुली 'येतो, जातो' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकलो होतो. आता माझी पुण्यातली भाची 'येते' म्हणाली की मला ती जरा मवाळ वाटते.

संध्याकाळी उचगावला सागरच्या घरी गेलो. तो कामावरून नुकताच आला होता, हाताला काळं तसंच. त्याला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला.

"म्हणजे आपण चुकीच्या बाईचं नाव घालणार हुतो?"

"आपण नाही. मी."

"सर, उद्या चार. त्याच्या फुडं माझ्या हातात काय न्हाय. नुसतं नाव नगो, त्यांना इचारून या. न इचारता आवाज घेतलाय आपण."

पोरगा तिशीतला, पण बोलला ते माझ्या मनाला लागलं. माफी मागायची असते हे मला ठाऊक होतं. परवानगीही मागायची असते, हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मालन 'नको' म्हणाली तर गाण्यातून ठेका काढावा लागणार होता. गाणं गेलं की सिनेमा लंगडा. परत येताना स्कूटरवर वैष्णवी तेच गाणं पुटपुटत होती.

कणकुंबी, शनिवार

जांबोटी सोडल्यावर रान सुरू झालं आणि थंडी हाडात शिरली. वैष्णवीने हातमोजे घातले होते. मी मागे बसून ट्रॉफी आणि बेळगावच्या मिठाईचा, कुंद्याचा डबा पोटाशी धरला होता. एका वळणावर म्हशींचा कळप आडवा आला, तिने करकचून ब्रेक मारला आणि पिशवी माझ्या हातून सुटली. कुंदा शाबूत राहिला. ट्रॉफीवरचा पितळी कर्णा मात्र बैठकीपासून निखळला.

"बरं झालं," वैष्णवी म्हणाली. "आता दोन भाग झालं. एक तुमी ठेवा, एक त्यांना द्या."

कणकुंबीत सुनंदाचं घर शोधायला वेळ लागला नाही. सुनंदा म्हणजे मालनची लेक. घराच्या मागे लगेच रान, अंगणात धुक्याने ओली झालेली सुपारीची झाडं. मालन चुलीपाशी उकड्या तांदळाची पेज ढवळत होती. लहानखुरी बाई, कपाळावर मोठं गोंदण. मी कोण हे तिला आठवलं.

"तुमी ते गप बसा म्हणणारं न्हवं?"

"तोच मी," म्हटलं. याहून नेमकी ओळख माझी कुणी करून दिली नसेल.

पेज पिऊन झाल्यावर मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. तिने ते हातांनी चाचपले, लेकीकडे बघून हसली. मी आवाज लावला. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचे हात मांडीवर हलायला लागले, नसलेली कात्री, नसलेलं पान. आणि तो थांबा आला की तिचा डावा हात वर जायचा, दाराच्या उजेडाकडे. पुन्हा खाली. पुन्हा कात्री. पुन्हा थांबा आला, पुन्हा हात वर.

हेडफोन काढल्यावर मी विचारलं, "तिथे हात वर का नेता?"

"पान बघती की. भोक असलं तर फेकून द्याचं. पहिल्या पहिल्यांदा माझा लई माल छाट व्हायचा, परत यायचा. कारखान्याचा चेकर तोंडावर फेकायचा. तवापासनं एक एक पान बघितल्याबिगर कापलं न्हाय मी. डोळं गेलं तरीबी बघायची. दिसायचं न्हाय, पर बघायची."

तर ती शांतता म्हणजे हे होतं. दिसत नसताना पानातलं भोक शोधणारी नजर. माझी आई तोडलेलं पान असंच उन्हासमोर धरायची, मग जुडीत घालायची. तिने धरलेलं एखादं पान या बाईच्याही हातात आलं असेल, हे तेव्हा माझ्या मनात आलं आणि मी नुसतीच हेडफोनची वायर गुंडाळत बसलो. वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच बोलायला लागली. न विचारता आवाज घेतला, सिनेमात वापरला, बक्षीस मिळालं, नाव घालायचं राहिलं. नाव घालू का? की गाण्यातनं काढू?

मालनने ते सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "ही माझी कात्री म्हणून तुमाला कुणी सांगितलं?"

मी खोटं बोलण्यात कच्चा आहे. "शांताक्कांनी त्यांचं नाव सांगू नका म्हणून सांगितलंय," मी म्हणालो.

सुनंदा हसायला लागली, वैष्णवीने डोक्याला हात लावला. मालन हसली नाही. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "तिनं माझी म्हणली?"

"हो. मी तुमचीच म्हणत होतो त्यांना. त्यांनी ऐकलंच नाही."

"बक्षीस पुढ्यात असताना?"

"पुढ्यात असताना. आणि तुमचे डोळे कसे आहेत ते बघून यायला सांगितलंय."

"आप्रेशन झालं गेल्या दिवाळीला. सांगा तिला." मग तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "घाला नाव. पर एकटीचं नगो. कात्री माझी, जागा तिची हुती. तिच्या उंबऱ्यात बसलते म्हणून उजेड हुता. तिचंबी घाला."

घड्याळात अडीच वाजले होते आणि घरात फोनला रेंज नव्हती. वैष्णवी आणि मी रस्त्यावर धावलो, चढावर जाऊन हात वर करून उभे राहिलो. तिसऱ्या प्रयत्नाला सागर लागला.

"लिही," मी ओरडून सांगितलं. "कात्री: मालन सुतार. उंबरा: शांता माने."

"उंबरा? सर, असं कुणाच्या सिनेमात असतंय व्हय?"

"आपल्यात आहे. घाल."

परत आल्यावर मालनने ट्रॉफीचा निखळलेला कर्णा हातात घेऊन सगळीकडून पाहिला आणि मला परत दिला. "तुमी ठेवा. मी काय करू ह्याचं?" कुंदा मात्र तिने ठेवून घेतला.

बेळगाव कॅम्प, रविवार

दुपारी चारचा खेळ होता. निपाणीच्या बायका एक टेम्पो करून आल्या, डोक्यात अबोली, पायगोंडाअण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी. अण्णांनी येताना सगळ्यांसाठी दशम्या आणल्या होत्या, कारण खेळ सुटायला दिवस मावळणार आणि मावळल्यावर ते जेवायचे नाहीत. शांताक्का सगळ्यांच्या आधी आत गेली आणि तिसऱ्या रांगेतली वाटेकडची खुर्ची तिने धरली. पुढे कुणाचं डोकं नाही, पडदा सरळ समोर. बसायची जागा निवडण्यात ती बाई कधी चुकायची नाही.

कणकुंबीची बस उशिरा आली. सुनंदाचा हात धरून मालन आत शिरली तेव्हा दिवे मालवायच्या बेतात होते आणि मागच्या दोन रांगा सोडून सगळं भरलेलं होतं. ती त्या वाटेने पुढे येत होती, जुन्या सवयीने खुर्च्या चाचपत. तिसऱ्या रांगेशी आली आणि थांबली. दोघींनी एकमेकींना पाहिलं. गंगूने माझं मनगट घट्ट धरलं.

शांताक्का उठली. पदर सावरला, बाजूला झाली.

"हितं बस," ती म्हणाली. "हितनं नीट दिसतंय."

"दिसतंय गं मला आता," मालन म्हणाली. "आप्रेशन झालंय."

"ठावं हाय. बस तरी."

मालन बसली. शांताक्का तिच्या पायाशी वाटेवरच, खाली फरशीवर मांडी घालून बसली, सोप्यात बसावं तशी. दिवे गेले. पुढचे दोन तास आमच्या सिनेमाकडे मी क्वचितच पाहिलं असेल. शेवटचं गाणं लागलं, कात्री वाजायला लागली, आणि पहिला थांबा आला तेव्हा तिसऱ्या रांगेतून पडद्याच्या उजेडात एक हात वर गेला. पुढच्या थांब्याला दोन हात वर गेले, एक खुर्चीतून, एक फरशीवरून.